बांधावरून महाविद्यालयाकडे

दरवर्षीं ज्येष्ठ-आषाढांत परीक्षांचे निकाल हातीं आले म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो: मुलानें किंवा मुलीनें पुढें काय शिकावें? वैद्यक, स्थापत्य, संगणक, हिशेबनिशी, कायदा अशीं नांवें एकामागून एक घेतलीं जातात. ह्या यादींत शेतकीचें नांव आलेंच तर तें शेवटीं येतें, आणि तेंही बहुधा अशा सुरांत, कीं दुसरें कांहीं मिळालें नाहीं तर हें आहेच. आमचें उभें आयुष्य जळगांव-धुळ्याकडील शाळांतून मुलें शिकविण्यांत गेलें. तेव्हां ह्या शेवटच्या नांवाविषयीं ह्या खेपेस चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटलें.

आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें शेतकऱ्यांचीं असत. कोणी तापीकांठचें, कोणी गिरणेच्या खोऱ्यांतलें, कोणी पांझरेच्या पाटाखालच्या गांवचें. त्यांतलीं कांहीं पुढें धुळ्याच्या, कांहीं राहुरीच्या, तर कांहीं पुण्याच्या कृषिमहाविद्यालयांत गेलीं. जातेवेळीं त्या प्रत्येकाला दोन प्रश्न ऐकून घ्यावे लागले. घरचे वडील म्हणाले, "नांगर धरावयास कॉलेज कशाला? आम्हीं काय पुस्तकें वाचून शेती केली?" गांवांतले शिकलेसवरलेले नोकरदार म्हणाले, "शिकावयाचेंच आहे तर पुन्हां मातींत कां जातोस?" पहिल्या प्रश्नांत विद्येचा अनादर आहे, दुसऱ्यांत शेतीचा. प्रश्न विचारणारे एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असें दिसतें; परंतु दोघांचीही मूळ समजूत एकच आहे. ती ही, कीं शेती आणि विद्या ह्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे, तें पाहूं.

शेतावर वाढलेलें मूल महाविद्यालयांत जातें तेव्हां तें कोरी पाटी घेऊन जात नाहीं. जमिनीला वाफसा आला कीं नाहीं, हें तें ढेंकूळ मुठींत दाबून सांगतें. रोहिणीच्या सरीवर किती भरंवसा ठेवावा, मृग कोरडा गेला तर कोणतें पीक धरावें व कोणतें सोडून द्यावें, ह्या चर्चा त्यानें ओसरीवर निजल्या निजल्या ऐकलेल्या असतात. केळीच्या मुलखांतल्या मुलाला मृगबाग व कांदेबाग ह्यांतला भेद शिकवावा लागत नाहीं; एक पावसाच्या तोंडीं लागतो, दुसरा पाऊस सरतांना. कापसाच्या मुलखांतल्या मुलीनें वेचणीच्या दिवसांत आईबरोबर रानांत जाऊन ओटी भरलेली असते. वाळल्या बोंडाचीं टोंकें तिच्या बोटांस लागलेलीं असतात, आणि किडकें बोंड कोणतें व निरोगी कोणतें, हें तींच बोटें न पाहतां ओळखतात. ह्या शिक्षणाला परीक्षा नाहीं व प्रमाणपत्रही नाहीं. जळगांवजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. तथापि शेतांत व घरांत राबतांना त्यांनीं जें पाहिलें तें त्यांच्या मुखांतून ओव्यांच्या रूपानें निघालें, घरच्यांनीं तें टिपून ठेविलें, आणि १९५२ सालीं तें पुस्तकरूपानें बाहेर पडलें तेव्हां शिकलेला महाराष्ट्र थक्क झाला. पाहण्याची ही शक्ति शेतावरच्या बाळपणाची कमाई आहे.

आणखी एक उदाहरण देतों. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं पाणी वांटण्याची एक जुनी रीत आहे. तिला फडपद्धति म्हणतात. नदीवर जागोजाग बंधारे, बंधाऱ्यापासून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या साऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे फड, अशी तिची मांडणी. एका फडांत मालक कितीही असोत, त्या वर्षीं तेथें पीक एकाच जातीचें घ्यावयाचें. ज्या फडांत यंदा ऊंस, तेथें पुढें दुसरें पीक यावयाचें. पाणी देण्याचें काम ज्याच्या त्याच्या हातीं नाहीं, तें गांवानें नेमलेल्या पाटकऱ्याचें. राखणीस जागल्या असतो. पाटाच्या अगदीं शेवटच्या टोंकाला ज्याचें शेत आहे, त्यालाही त्याचा वांटा पोंचला पाहिजे, हा ह्या व्यवस्थेचा कणा. आज विहिरी, विजेचे पंप व मोठीं धरणें झाल्यामुळें ही रीत पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली आहे. तरी तिच्या सावलींत वाढलेल्या मुलानें पिकांची फेरपालट, पाण्याचा हिशेब आणि सहकार ह्या तीन गोष्टी शाळेंत जाण्याआधींच पाहिलेल्या असतात. महाविद्यालयांत त्यांचेच पाठ मोठमोठ्या नांवांनीं त्याच्यापुढें येतात.

मग ह्या बाळपणांत उणें तें काय? उणें आहे तें कारणाचें ज्ञान. डोळ्यांना पीक पिवळें पडलेलें दिसतें; तें पाण्यानें पडलें, कीं नत्र कमी पडून, कीं मुळाशीं कांहीं बिघाड होऊन, हें डोळे सांगत नाहींत. जमीन चोपण झाली हें पायांना कळतें. तींत क्षार किती वाढले व ते कशानें उतरतील, हें मातीच्या परीक्षणावांचून कळत नाहीं. शिवाय परंपरा एका शेताचा विचार करते, आणि कांहीं संकटें अशीं असतात कीं तीं शेताची हद्द ओळखीत नाहींत.

खानदेशांतल्या कापसाचेंच पाहा. पाण्याची सोय असलेले शेतकरी मे महिन्यांतच कपाशी लावीत. वेचण्या संपल्या तरी झाडें उपटावयाचीं नाहींत, आणखी पाणी देऊन मागाहून येणारीं बोंडें घ्यावयाचीं, ही फरदडीची चाल. एकट्याच्या हिशेबानें तींत चार पैसे अधिक मिळत. परंतु शेंदरी बोंडअळीचा मुख्य आहार कपाशी हाच आहे. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शेतांत कपाशी उभी, आणि पावसाळ्याच्या आधींच नवी लागलेली, म्हणजे त्या अळीला बारा महिने अन्नछत्रच उघडें. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली व कांहीं वर्षें बोंडअळीचा जोर ओसरला. पुढें शेंदरी अळी त्या विषालाही दाद देईनाशी झाली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांतील कापूस उत्पादकांची तिनें मोठी हानि केली. ह्यावर उपाय म्हणून फरदड ठेवूं नये, जूनपूर्वीं लागवड करूं नये, असें कृषिखातें सांगतें. हा उपाय एकानें करून भागत नाहीं, साऱ्या शिवारानें करावा लागतो. साऱ्या शिवाराला तो पटवावयाचा तर त्या अळीचा जन्म, तिच्या पिढ्या व तिचा विसावा हें सर्व समजून सांगणारा आणि ज्याचा शब्द पारावर ऐकला जाईल असा माणूस गांवांत पाहिजे. पहिला गुण महाविद्यालय देतें, दुसरा त्याच गांवांतलें बाळपण देतें.

ह्या संबंधांत आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. घर रावेर तालुक्यांत, जमीन सात एकर, तींत बहुतेक केळी. मुलगा कृषिमहाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत होता. २०२० सालीं साथीमुळें महाविद्यालयें बंद पडलीं व तो घरीं आला. त्याच पावसाळ्यांत रावेर-यावल भागांत केळीवर हरण्या रोगाचा मोठा उपद्रव झाला. ह्या रोगांत पानांवर पिवळट रेषा उमटतात, पान आंखडतें, पुढें पोंगा सडतो. रोगाचें मूळ एक विषाणु आहे. मावा नांवाच्या बारीक किडीबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि काकडीच्या वर्गांतल्या वेलींवरही तो वस्ती करून असतो. रोग लागलेल्या झाडाला औषध नाहीं. तें मुळासकट उपटून नष्ट करावें, एवढाच मार्ग. मुलानें हें वडिलांस सांगितलें.

वडील म्हणाले, "अरे, तीन महिन्यांचीं झाडें हीं. एकेका रोपाला पैसे मोजले आहेत. अंग तापलें म्हणून लेंकरूं कोणी पुरतो काय?"

"अण्णा, एक राखाल तर दहा जातील," मुलगा म्हणाला.

दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. अखेर आजीनें तोड काढली: अर्धा बाग नातवाच्या म्हणण्याप्रमाणें, अर्धा लेकाच्या. मुलानें आपल्या अर्ध्यांतलीं रोगट झाडें उपटलीं, आणि रोज सकाळीं फिरून नवीं दिसतील तीं काढीत राहिला. महिन्यानें पाहतां, त्याच्या भागांत रोग अगदीं थांबला नव्हता, पण आटोक्यांत होता. वडिलांच्या भागांत तो ओळीच्या ओळी चालून गेला होता.

येथें विद्येचा विजय झाला असें म्हणून कोणी गोष्ट संपवील. परंतु आम्हांस तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. एके दिवशीं वडील सहज बोलून गेले, कीं हें दुखणें दरसाल त्या उत्तरेच्या कडेपासून, गिलक्यांच्या वेलांकडूनच सुरू होतें. मुलगा चमकला. वेल व विषाणु ह्यांचा संबंध त्यानें पुस्तकांत वाचला होता. पण आपल्याच बांधावर गिलक्यांचे वेल आहेत, हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. वडिलांनीं ती कड वर्षानुवर्षें पाहिली होती. पण त्या वेलांत काय दडलें आहे, हें त्यांना ठाऊक नव्हतें. दोघांनीं मिळून वेल काढले, आणि तेव्हांपासून त्या कडेला ते लावीत नाहींत. पुढें आमचें त्या घरीं जाणें झालें तेव्हां वडिलांनीं ही हकीकत स्वतःच सांगितली आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगा शिकला तें बरें झालें. पण त्याला अर्धें मीं शिकविलें, हेंही लिहून ठेवा." त्यांचें म्हणणें आम्ही येथें लिहून ठेवीत आहों.

शेतावरचें मूल आणि महाविद्यालय ह्यांची गांठ पडण्यास आपल्याकडे फार काळ लागला. शेतकऱ्याच्या घरांत विद्या नाहीं म्हणून त्याची दैना होते, हें महात्मा फुले ह्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून बजावलें होतें. पुण्यास शेतकीचें स्वतंत्र महाविद्यालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झालें. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन विद्यार्थ्यांना पुस्तकांत कोंडून ठेवणारे नव्हते. त्यांनीं पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर ह्या खेड्याची जमीन, तिचे तुकडे, कर्ज व मजुरी ह्यांची घरोघर चौकशी करून १९१७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु साक्री-शिरपूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला पुणें दूर होतें, आणि त्याहून दूर होता तेथील खर्च. महाराष्ट्र राज्य झालें त्याच १९६० सालीं धुळ्यास कृषिमहाविद्यालय निघालें. १९६८ सालीं राहुरीचें कृषिविद्यापीठ स्थापन झालें. अलीकडे मुक्ताईनगर व नंदुरबार येथेंही शासकीय महाविद्यालयें झालीं. मुलगा शनिवारीं एस.टी.नें घरीं येतो, आणि सोमवारीं शिकलेली गोष्ट रविवारीं वडिलांच्या कानीं पडते. अंतर कमी झाल्याचा हा लाभ लहान नाहीं. जळगांवच्या कापूस-संशोधनानें दिलेल्या जरीला व विरनार ह्या देशी जातींचीं नांवें जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडीं असत. मर रोगानें कपाशी उभ्या उभ्या वाळत असे, त्या दुखण्याशीं झगडणारें बियाणें आपल्याच जिल्ह्यांत तयार झालें होतें.

परदेशांतला एक दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. वीणा गवाणकर ह्यांच्या १९८१ सालच्या 'एक होता कार्व्हर' ह्या पुस्तकानें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत पोंचला. गुलामाच्या पोटीं जन्मलेला हा मुलगा लहानपणीं शेजाऱ्यांच्या आजारी झाडांचा वैद्य म्हणून ओळखला जाई. पुढें तो चित्रकला शिकावयास गेला. त्याचा झाडाझुडुपांचा जिव्हाळा ओळखून त्याच्या शिक्षिकेनें त्याला आयोवाच्या शेतकी महाविद्यालयाची वाट दाखविली. तेथून १८९४ व १८९६ सालीं त्यानें दोन पदव्या घेतल्या, आणि टस्कीगीस जाऊन सततच्या कापसानें निकस झालेल्या जमिनींत भुईमुगासारखीं पिकें आलटून पालटून घेण्याचा उपदेश केला. शेतकरी शाळेंत येऊं शकत नाहींत म्हणून १९०६ सालीं त्याची शाळाच गाडींत बसून त्यांच्याकडे गेली. कापूस आणि भुईमूग हीं दोन्ही पिकें खानदेशाच्या परिचयाचीं आहेत. म्हणून हा मनुष्य आम्हांस परका वाटत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण सर्व जण म्हणतों, आणि मुलांच्या बाबतींत तिचा क्रम बरोबर उलटा लावतों. कौटिल्यानें सीताध्यक्ष म्हणजे शेतीचा अधिकारी कसा असावा हें सांगतांना त्याला कृषिशास्त्राचें व वृक्षांच्या आयुर्वेदाचें ज्ञान असावें, किंवा तसे जाणते त्यानें जवळ बाळगावे, असें म्हटलें आहे. पराशराच्या नांवावरचा कृषिविषयक ग्रंथ पावसाच्या लक्षणांपासून बियाण्याच्या जपणुकीपर्यंत सर्व सांगतो. म्हणजे हा विषय शास्त्राच्या पंक्तींत बसविण्यास आपले पूर्वज लाजले नाहींत. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ह्यांनंतर आपल्यापैकीं अनेक घरांचीं शेतें गेलीं. जीं कसणाऱ्यांच्या हातीं गेलीं तीं योग्य हातीं गेलीं. त्या गोष्टीला आतां दोनतीन पिढ्या लोटल्या. पण शेत गेलें त्याबरोबर शेतीविषयींची आस्थाही घरांतून जावी, असें कायद्यानें कोठें म्हटलें नव्हतें. ज्या घरांत शेत नाहीं त्या घरांतल्या मुलानेंही हें शास्त्र अवश्य शिकावें. मात्र प्रवेशांत शेतकऱ्यांच्या मुलांना कांहीं अधिक गुण देण्याची जी चाल राहिली आहे, तिच्याबद्दल कुरकूर करूं नये. त्या गुणांमागें बाळपणींची उन्हातान्हांतली हजेरी आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल व तो खोटा नाहीं. शेतींत पैसा कोठें आहे? पाऊस बेभरंवशाचा, भाव आपल्या हातीं नाहीं, जमिनीचे तुकडे झालेले. पदवी घेतलेलीं बहुतेक मुलें स्पर्धापरीक्षांच्या मागें लागतात, हेंही आम्ही पाहतों. सरकारी चाकरी वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. कृषिखात्यांत, बँकेंत, संशोधनकेंद्रांत शेताची जाण असलेला माणूस बसला तर शेतकऱ्याचें कामच सोपें होईल. आमची तक्रार निराळी आहे. चार वर्षें शेतकीचीं काढून ज्यानें त्यांतलें एक अक्षरही घरच्या बांधावर नेलें नाहीं, त्यानें पदवी घेतली, विद्या घेतली नाहीं. ह्या अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांना कांहीं महिने खेड्यांत शेतकऱ्यांबरोबर काम करावें लागतें. वर्तमानपत्रें त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. हें काम कांहीं जण फोटो काढून उरकतात, कांहीं जण मन लावून करतात. कृषिकन्या मातीपरीक्षणाची रीत दाखवूं लागली म्हणजे एरवीं दाराआड उभ्या राहणाऱ्या बाया पुढें येऊन प्रश्न विचारतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. शेतांतलीं निम्मीं कामें ज्यांच्या हातून होतात त्यांना विचारणारें कोणी तरी आलें, हा ह्या शिक्षणाचा एक मोठा लाभ आहे.

तेव्हां आमचें मागणें थोडें आहे. ज्यांचें मूल शेतकी शिकत आहे अशा शेतकरी वडिलांनीं त्याला आपल्या जमिनींतले चार गुंठे तोडून द्यावे, आणि त्यांत तें काय करतें त्यांत दोन वर्षें हात घालूं नये. फसलें तर चार गुंठ्यांचें नुकसान; साधलें तर साऱ्या शेताचा फायदा. मुलगी असेल तर तिलाही तेवढेच गुंठे द्यावे. महाविद्यालयांतल्या शिक्षकांनीं पहिल्या दिवशीं शिकविण्याआधीं विद्यार्थ्यांस विचारावें, तुमच्या गांवीं काय पिकतें, आणि त्यांतलें काय तुम्हांस आजवर उलगडलें नाहीं. आणि आमच्या वाचकांनीं, निकालाच्या दिवशीं मुलापुढें यादी मांडतांना, शेतकीचें नांव शेवटीं घेऊं नये. मूल तें निवडील किंवा न निवडील. पण तें त्याच्या कानावर मानानें पडावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.